घडीची खाट

"तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी कशाला लागते?"

भोंगीनं हे विचारलं तेव्हा बाबांच्या सुरीच्या टोकावर लोण्याचा गोळा होता आणि आईच्या चहाचा कप ओठांपासून बोटभर अंतरावर. दोन्ही जागच्या जागी थबकले. हॉटेलच्या तळमजल्यावरच्या त्या दालनात निदान चाळीस माणसं नाश्ता करत होती, बशा वाजत होत्या, कुणीतरी मन लावून नाक शिंकरत होतं, तरी भोंगीला वाटलं की आपल्या टेबलापुरता आवाज कुणीतरी बंद करून टाकला. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. निघायच्या आदल्या दिवशी शाळेच्या मागच्या जिन्यावर बसून चिमटी नावाच्या मैत्रिणीनं तो काढला होता. "वीस वर्षं झाली म्हणून फिरायला चाललेत, तेही एवढ्या मोठ्या शहरात, आणि तुला घेऊन? माझे आईबाबा मला मावशीकडे टाकून पळतात." दुसरी मैत्रीण, वकिलीण म्हणायचे तिला, बोटांवर मोजत म्हणाली, "आणि एकदा नाही हं, दर वर्षी. पहिलीपासून मी ऐकतेय, आईबाबांच्या वाढदिवसाला अमुक गाव, तमुक गाव. हिची हजेरी ठरलेली." भोंगी मान उडवून म्हणाली, लाडकी आहे मी, माझ्यावाचून करमत नाही त्यांना. त्यावर दोघी एकमेकींकडे बघून अशा काही हसल्या, की भोंगीला आपली वेणी उगाच पुढे घ्यावी लागली. "मग विचारून दाखव ना," चिमटी म्हणाली. "तोंडावर. दोघं समोर असताना." आता भोंगीला असं कुणी म्हणायचं म्हणजे फटाक्याला काडी दाखवणं. वर्षभरात तिला आवाज फुटला होता. वक्तृत्वात पहिली, गणितात पहिली, येताजाता आरशात बघून स्वतःलाच भुवई उडवून दाखवायची. भोंगी हे नावही त्यातूनच पडलेलं. आई बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायची आणि लेकीचा आवाज भोंग्याशिवायच आईच्या वर जायचा. असल्या मुलीला विचारायची कसली भीती?

"म्हणजे काय," बाबा लोणी पावाच्या पार कडेपर्यंत नेत म्हणाले, "तुझ्याशिवाय काय मजा?" आणि हे म्हणताना त्यांनी भोंगीकडे बघितलं. "असले प्रश्न शिकवतं कोण तुला?" आई म्हणाली, तिनंही भोंगीकडेच बघितलं. झालं. कप ओठांना लागला, सुरी बशीत पडली. भोंगी मनातल्या मनात मैत्रिणींना बातमी द्यायला लागली होती, बघा, मजा येत नाही माझ्याशिवाय, असं खुद्द बाबा म्हणाले. तेवढ्यात आई म्हणाली, "बाबांना विचार, अंड्यावर मीठ हवंय का." मिठाची बाटली आईच्या हातात होती. बाबा तिच्या समोर होते. हात लांब केला असता तर बाटली त्यांच्या बशीवर उपडी झाली असती. भोंगीनं सवयीनं तोंड वळवलं, "बाबा, मीठ..." आणि जीभ तिथंच राहिली. रस्त्यानं झरझर चालताना एकदम आपण पावलं कशी टाकतो ते आठवावं आणि पायात पाय अडकावेत, तसं. आपण हे दिवसातून किती वेळा करतो? बाबांनी वाट बघितली. आईनंही वाट बघितली. दोघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. शेवटी बाबांनी अंडं अळणीच खाल्लं.

भांडण नव्हतं. भांडण असतं तर भोंगीला ते कळलं असतं, चिमटीकडे भांडणं होतात, बशा फुटतात, चिमटीची आई दार आपटून माहेरी जाते आणि तिसऱ्या दिवशी हसत येते. भोंगीच्या घरात कधी काही फुटलं नाही. आई सकाळच्या पाळीला बसस्टँडच्या काचेच्या खोपटात बसायची आणि तास न् तास अनोळखी लोकांना सांगायची, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवरची गाडी आज सहावर लागेल. गोड आवाजात सांगायची, चुकलेल्या म्हाताऱ्यांना दोनदोनदा सांगायची. बाबांचं चष्म्याचं दुकान. अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, नाकावर ती अवजड लोखंडी चौकट चढवून ते एकेक काच सरकवायचे आणि विचारायचे, आता कसं? आधीचं बरं की हे? नीट बघा, घाई नाही. लहानपणी भोंगी पडद्यामागं बसून ऐकायची. दिवसभरात शंभर वेळा बाबा विचारत, आता कसं? आणि इतकं थांबत उत्तरासाठी, की बायाबापड्या अवघडून जात. मग संध्याकाळी दोघं घरी येत. आई भोंगीशी बोलायची, बाबा भोंगीशी बोलायचे. भोंगीच्या डोक्यावरून, किंवा भोंगीतून आरपार, बाकीचं घर चालायचं. तुझ्या आईला म्हणावं, उद्या गॅसवाला येणार. त्यांना सांग, डबा ओट्यावर आहे. तिनं दोघांना एकमेकांना नावानं हाक मारताना ऐकलं नव्हतं. अहो नाही, अगं नाही. खोकून लक्ष वेधलेलंसुद्धा नाही.

आणि भोंगी, पोस्टमन तर पोस्टमन, नुसती पोचवणारी नव्हती. ही गोष्ट तिनं वकिलिणीलाही सांगितली नव्हती. सहा वर्षांची असताना आई एकदा म्हणाली, "सांग त्यांना, पाणी तापलंय. मी काही दिवसभर बंबाशी उभी नाही राहणार." स्वयंपाकघरातून बाबांपर्यंत दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत भोंगीच्या डोक्यात काय आलं देव जाणे, ती बाबांपुढं जाऊन म्हणाली, "पाणी छान तापलंय, आई म्हणाली आंघोळ तुम्ही आधी करा." बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. बस्स, भोंगीला हातात जादू असल्याचा शोध लागला. बाबा म्हणाले, "भाजीत मीठ पडलंय की सांडलंय, विचार", की आईला जाऊन सांगायचं, भाजी मस्त झालीय, मीठ चिमूटभर कमी चाललं असतं. आई म्हणाली, "दुकानातच अंथरूण टाका म्हणावं", की बाबांना सांगायचं, आई तुमची वाट बघत होती. बाबा दुकानात काचेची कड फिरत्या चाकावर घासतात, नेमकी, फ्रेमच्या खाचेत बसेल इतकीच. भोंगी वाक्यांच्या कडा घासायची. तिला वाटायचं, घर आपण बसवलंय. फ्रेमही आपणच, काचही आपणच. अशी मुलगी लाडकी असणारच.

ही दर वर्षीची सहल तरी कुठून आली? त्याच सुमाराला टीव्हीवर समुद्रकाठच्या कुठल्याशा गावाचं काही चाललं होतं आणि आई कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली, "असल्या ठिकाणी जाऊन लोकांना काय मिळतं कुणास ठाऊक." भोंगीनं बाबांना सांगितलं, आई तिथं जाऊ या का म्हणत होती, तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तिला जायचं असेल तर जाऊ म्हणावं." भोंगीनं आईला सांगितलं, बाबांना तुला समुद्र दाखवायचाय. आईच्या हातातली घडी विस्कटली. आणि दोन्हीकडून, अगदी एकाच शब्दात, पुढचं आलं, "तू येणार असशील तर." तेव्हापासून दर वर्षी. या वर्षी विसावं म्हणून तिनं थोरलं शहर निवडलं होतं. मनोरा, नदी, वस्तुसंग्रहालय, सगळं. बाबांना सांगितलं, आईला मनोऱ्यावरून शहर बघायचंय. आईला सांगितलं, बाबांना.

त्या मनोऱ्याखाली तिघं रांगेत उभी होती, बाबा पुढं, भोंगी मधे, आई मागं. रांग साखळ्यांमधून वळत वळत जात होती, त्यामुळे तीच ती जोडपी पुन्हा पुन्हा समोरून जात. एक म्हातारी नवऱ्याला सरळसरळ झापत होती, "टोपी कुठं ठेवलीत? डोकं तरी आणलंत का?" आणि नवरा म्हणत होता, "तुझ्या पिशवीत बघ, तिथं हत्तीसुद्धा सापडेल." भोंगी त्यांच्याकडे बघत राहिली. प्रत्येक वळणाला ती दोघं आणखी थोडी भांडून झालेली असायची. तिला त्या म्हातारीचा असा हेवा वाटला की स्वतःचीच लाज वाटली. वर गच्चीवर वारा होता, खाली शहर मांडून ठेवलं होतं, आणि एक फोटोवाली बाई गळ्यात कॅमेरा अडकवून गिऱ्हाईक हेरत होती. वाढदिवस म्हटल्याबरोबर तिनं भोंगीला खांद्याला धरून बाजूला केलं. "लग्नाचा ना? मग ताई, तू जरा इकडं. आज त्यांचा दिवस." आई कठड्याशी राहिली, बाबा कठड्याशी राहिले. मधे भोंगीच्या रुंदीचं अंतर तसंच. "जवळ या की काका. अजून. अहो, मधे काय आणखी एक माणूस उभं राहणार आहे?" बाबा हलले नाहीत. आईही नाही. दोघांनी भोंगीकडे बघितलं, आणि बाबा घसा साफ करून म्हणाले, "आईला सांग, जरा इकडं सरक म्हणावं." आई त्यांच्यापासून दोन फुटांवर होती. फोटोवालीनं कॅमेरा खाली घेतला आणि ती खो खो हसली. "फार मिश्कील आहेत हं तुझे बाबा." भोंगी नाही हसली. फोटो निघाला तो तसाच. एका कडेला आई, एका कडेला बाबा, मधल्या पट्टीत नदीचा तुकडा आणि अर्धा पूल.

आईला उंचीनं गरगरायला लागलं म्हणून ती आत जाऊन बाकावर बसली. भोंगी तिच्याशेजारी. "उंचीचा एवढा त्रास होतो तर आलीस कशाला वर?" "आता तुझ्या बाबांची हौस," आई डोळे मिटून म्हणाली. तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, नेहमीसारखा, घोषणेचा आवाज होता. भोंगीच्या मनात सकाळपासून दाटलेलं आता बाहेरच आलं. "आई, बाबा असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते." तिला वाटलं, आता आई डोळे उघडेल, कान धरेल, रडेल, काहीतरी करेल. आईनं पर्समधून रुमाल काढून कपाळ टिपलं. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, 'भाजी मस्त झालीय'. मस्त हा शब्द त्यांच्या तोंडून वीस वर्षांत बाहेर पडला नाही. मला काय कळत नाही?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बरं चाललं होतं की."

बाकाच्या पलीकडं काचेतून शहर दिसत होतं, चकचकीत आणि बिनआवाजाचं. भोंगी म्हणाली, "आणि मी नव्हते तेव्हा? तेव्हा कोण सांगायचं एकमेकांना?" आई पहिल्यांदा थोडं हसली. "तेव्हा सासूबाई होत्या ना. त्या गेल्या तेव्हा तू पाचाची. महिनाभर घरात नुसती भांडी वाजायची. मग एक दिवस तू आपणहून म्हणालीस, मी सांगू का बाबांना?" आईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. हात मायेचा होता, त्यात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच भोंगीला तो झटकून टाकावासा वाटला. म्हणजे ही आजीची जागा. आजीचा चष्मा कपाटात पडून आहे, आजीच्या चपला कुणी घालत नाही, आणि आजीची तेवढी ही एक गोष्ट पाच वर्षांच्या पोरीच्या गळ्यात घालून दोघं निवांत झाली.

बाबा बाहेर दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. त्यांना विचारायची तिला गरज नव्हती, पण हिशेब अर्धा सोडायची सवय नव्हती. ती शेजारी जाऊन म्हणाली, "बाबा, आईनं तुम्हाला कधी म्हटलंय, आंघोळ तुम्ही आधी करा?" बाबांनी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. "तुझी आई आणि 'तुम्ही आधी'?" दुर्बीण थोडी फिरवली. "कळायचं गं. शब्दांवरून कळतं, कुठले कुणाचे ते. पण बरं वाटायचं. दुकानात येतात ना काही जण, नंबर बदललेला नसतो, तरी म्हणतात नवी काच द्या. देतो मी. समोरचं काही बदलत नाही त्यानं. माणसाला बरं वाटतं." आणि मग, खरोखरच उत्साहानं, "हे बघ, आपलं हॉटेल दिसतंय इथून. आईला बोलाव, म्हणावं खिडकीसुद्धा दिसते." भोंगी म्हणाली, "ती तिथं बसलीय, बाबा. दहा पावलं." बाबा म्हणाले, "हो, तेच. बोलाव ना."

ती गेली नाही. ती कठड्याला हात लावून उभी राहिली आणि तिला काल संध्याकाळची खोली आठवली. काल त्यात तिला काही दिसलं नव्हतं. वाढदिवसाची खोली म्हणून हॉटेलवाल्यांनी मोठ्या पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. आईनं आल्या आल्या दोन्ही उलगडले, नीट चौकोनी घड्या घातल्या आणि न्हाणीघरात नेऊन टांगले. मग खोल्या आवरणाऱ्या मावशी घडीची खाट घेऊन आल्या, चाकांवर ढकलत, आणि म्हणाल्या, "मुलीसाठी खिडकीपाशी लावू का?" बाबांनीच सांगितलं, "माझ्यासाठी आहे. भिंतीपाशी लावा." मावशींनी एकदा पलंगाकडं बघितलं, एकदा भोंगीकडं, आणि मान खाली घालून चादर खोचत राहिल्या. भोंगी तेव्हा पलंगावर उड्या मारून स्प्रिंगा तपासत होती. आता तिला मावशींची ती नजर परत आली, आणि तिच्याबरोबर मागच्या सगळ्या वर्षांतल्या खोल्या, सगळ्या खाटा, दर वेळी खाट आणणारं कुणीतरी आणि दर वेळचं ते एकदा इकडे एकदा तिकडे बघणं. माझ्यावाचून करमत नाही त्यांना. जिन्यावर बसून केवढ्या तोऱ्यात म्हणाली होती. खोलीत जास्तीची म्हणून मागवलेली वस्तू एकच नव्हती.

पिशवीच्या आतल्या कप्प्यात तीन आठवड्यांपूर्वी आलेला एक लिफाफा होता. दूरच्या गावातली निवासी शाळा, दोन वर्षं, गणितवाल्या बाईंनी तिचं नाव पाठवलं होतं आणि तिची निवड झाली होती. कागद सोमवारपर्यंत द्यायचा. खाली आईची सही, बाबांची सही, दोन रेघा. आईला दाखवला तेव्हा आई म्हणाली, तुझे बाबा काय म्हणतात बघ. बाबा म्हणाले, तुझ्या आईला विचार, ती म्हणेल तसं. कागद तीन आठवडे घरात येरझारा घालत होता. एरवी भोंगीनं एका दुपारीत निकाल लावला असता, आईला सांगायचं बाबा हो म्हणाले, बाबांना सांगायचं आई हो म्हणाली, दोन सह्या, विषय संपला. सगळं आयुष्य तिनं त्यांच्यासाठी हेच केलं होतं. स्वतःसाठी मात्र ते एक वाक्य घासायला हात उचलला नव्हता. मैत्रिणींना म्हणायची, घरचे सोडत नाहीत गं. खरं कारण तिला ठाऊक होतं, आणि ते फार भारदस्त वाटायचं, अंगावर शहारा येईल इतकं. मी गेले तर त्या घरात नुसती भांडी वाजतील. आता त्या कारणाकडे बघून तिला हसू आलं, आणि ते हसू जिभेला लागलं तेव्हा साबण चाखल्यासारखं होतं. भांडी वाजतील हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच कागद येरझारा घालत होता.

दुपारी परत आल्यावर आई पलंगाच्या कडेला बसून पाय चोळायला लागली. बाबांनी बूट काढले आणि ते खाटेकडे वळले. भोंगी त्यांच्या आधी पोचली. तिनं उशी उचलून पलंगावर टाकली, गादी गुंडाळली, पायाशी असलेला खटका दाबला आणि खाट मधोमध मोडून घडी होऊन उभी राहिली. चाकं करकरली. "अगं, मला पडायचं होतं जरा," बाबा म्हणाले. भोंगीनं खाट ढकलत दाराबाहेर नेली, वऱ्हांड्यात भिंतीला टेकवली आणि परत येऊन दाराशीच थांबली. खोलीत एकच खुर्ची होती, तिच्यावर तिची बॅग. बाबांनी एकवार भिंतीकडं बघितलं, मग पलंगाच्या दुसऱ्या कडेला, आईकडं पाठ करून, पाहुण्यांकडं बसावं तसे बसले. आई म्हणाली, "त्यांना विचार, खाट का..." आणि थांबली, कारण खाट भोंगीनं नेली होती आणि विचारायचं भोंगीलाच होतं. मधे पांढऱ्या चादरीची रिकामी पट्टी. भोंगीनं लिफाफ्यातून कागद काढला, त्याच्या घड्या तळहातानं सपाट केल्या, त्या पट्टीवर ठेवला आणि वर पेन. दोघं आपापल्या कडेवरून वळून तिच्याकडं बघत होती, नेहमीसारखी, आता ती कुणाचं कुणाला सांगेल याची वाट बघत. तिला त्यांचा राग आला, आणि रागाच्या खाली त्यांची इतकी दया आली की आणखी क्षणभर थांबली असती तर तिनं कागद उचलून फाडला असता. वक्तृत्वाच्या मंचावर शिकवलेलं तिनं केलं. श्वास पोटात घेतला आणि नजर दोघांच्या मधोमध ठेवली.

"मी त्या शाळेत जाणार आहे. सोमवारी कागद द्यायचाय. हे मी तुम्हा दोघांना एकदमच सांगतेय, म्हणजे आईला सांग, बाबांना सांग, काही उरलं नाही. सह्या दोघांच्या लागतात. पेन एकच आहे. एकाची झाली की दुसऱ्याच्या हातात द्या. मी देणार नाही."